गदा आली, पुढे काय?

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे मुळशी तालुक्यातील मुठा गावच्या पृथ्वीराज मोहोळ याच्या खांद्यावर महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा आली. त्या सायंकाळची चर्चा मात्र कुस्तीपेक्षा कलहाचीच अधिक झाली. गादी विभागाच्या अंतिम लढतीत शिवराज राक्षे चीतपट झाल्याचा निर्णय पंचांनी दिला. राक्षे यास तो मान्य झाला नाही आणि संतापाच्या भरात त्याने पंचांवर लाथ उगारली. किताबाच्या लढतीत सोलापूरचा महेंद्र गायकवाड याने पंचांशी वाद घालून, वेळ संपत आली असता, आखाडाच सोडला. दोघांवर तीन तीन वर्षांची बंदी जाहीर झाली, विजेत्याला मोटार मिळाली, आणि मुठा खोऱ्यात गुलाल उधळला गेला.

पंचावर लाथ उगारणे हे अक्षम्यच होय. त्याचे समर्थन कोणी करू नये. परंतु ज्याने यापूर्वी दोनदा ही गदा मिळविली आहे, असा कसलेला मल्ल एका निर्णयाने इतका बेभान का व्हावा, हा प्रश्न शिक्षा फर्मावून सुटत नाही. पैलवानाच्या भरीच्या उमेदीची वर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. त्यांतली तीन गेली म्हणजे कारकिर्दीचा मोठा लचकाच तुटला. हे ठाऊक असूनही माणसाचा तोल जातो, कारण त्याचे पुढचे सारे आयुष्य त्या एका कुस्तीला टांगलेले असते.

हे टांगणे समजून घ्यावयाचे तर तालमीच्या दारातून आत जावे लागेल. पोर दहा-बारा वर्षांचे झाले की घरचे त्याला वस्तादांच्या स्वाधीन करतात. पहाटे चारला उठावे, जोर-बैठका माराव्यात, लाल माती उकरावी, त्या मातीत ताक, तेल, हळद घालून ती मऊ करावी आणि मग लढतीला उभे राहावे, हा क्रम वर्षानुवर्षे चालतो. दूध, तूप, बदामाची थंडाई, फळे यांचा खुराक साध्या शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा असतो. तो पुरविण्यासाठी गोठ्यातले दूध डेअरीला जाण्याऐवजी तालमीला जाते आणि प्रसंगी बापाला कर्ज काढावे लागते. शाळा नावापुरती उरते. कान चेपतात, गुडघे झिजतात. पंचविशीत जो मल्ल जत्रेतल्या शेवटच्या कुस्तीचा मानकरी असतो, तो पस्तिशीत प्रेक्षकांत बसलेला दिसतो, आणि निवेदक त्याचे नाव पुकारून त्याला फेटा बांधण्यास बोलावतो. फेट्याने पोट भरत नाही, हे निवेदकालाही माहीत असते.

मुळशीची गोष्ट याहून थोडी अधिक गुंतागुंतीची आहे. हा मूळचा भाताचा आणि पावसाचा तालुका. टाटांच्या धरणासाठी येथली गावे पाण्याखाली जाऊ लागली तेव्हा सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून येथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. लढा हरला, जमिनी बुडाल्या. पुढे हिंजवडीला संगणक उद्योगांची नगरी उभी राहिली, डोंगरात लवासा आले, आणि ज्या जमिनीला कोणी विचारीत नव्हते तिचे भाव गगनाला भिडले. हा पैसा जत्रांतील इनामांतही उतरला. ‘मुळशी पॅटर्न’ या २०१८ सालच्या चित्रपटाने विकलेल्या जमिनीमागून आलेली गुन्हेगारी पडद्यावर मांडली. त्या कथेची एक बाजू तालमीला येऊन भिडते. ज्याच्या अंगात बळ आहे, हाती शिक्षण नाही आणि घरची जमीन विकली गेली आहे, अशा तरुणाला शहराच्या वेशीवर दोनच धंदे सहज सापडतात: कोणाच्या तरी दारावर बाउन्सर म्हणून उभे राहणे, किंवा कोणाच्या तरी गाडीमागे ‘भाऊं’चा माणूस म्हणून फिरणे. बहुसंख्य पैलवान या वाटेने जात नाहीत, हे त्यांच्या वस्तादांचे पुण्य. शासनाने त्यात फारशी भर घातलेली नाही.

आणि हे ज्या मुठा गावात सांगावयाचे, ते गाव तर कुस्तीच्या संघटनेचेच माहेर आहे. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेचे संस्थापक मामासाहेब मोहोळ हे याच गावचे. महाराष्ट्र केसरीची गदा त्यांच्याच स्मरणार्थ दिली जाते. स्पर्धा १९६१ साली सुरू झाली आणि पहिला मान सांगलीच्या दिनकर दह्यारींना मिळाला. कोणा राजाच्या पदरी राहिल्यावाचून मल्लाला प्रतिष्ठा मिळावी, हा त्या काळचा विचार होता. संस्थानिक गेले होते, कोल्हापूरच्या शाहू महाराजांसारखा आश्रयदाता पुन्हा होणे नव्हते. ती जागा लोकांनी आणि लोकशाही सरकारने भरून काढावयाची होती. ती भरली गेली काय?

काही अंशी गेली, हे मान्य करावयास हवे. २०११ ते २०१३ असा सलग तीन वर्षे किताब जिंकणारा नरसिंग यादव आणि त्यानंतर २०१४ ते २०१६ हाच पराक्रम करणारा विजय चौधरी, हे दोघेही पोलीस उपअधीक्षक झाले. चौधरी याने २०२३ साली कॅनडात विनिपेग येथे जागतिक पोलीस क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवून, नोकरी लागली म्हणजे मल्ल सुस्तावतो, हा समज खोटा पाडला. पण या सन्मानातच वेदनेचे मूळ आहे. पहिला आलेल्यास वर्दी आणि अधिकाऱ्याची खुर्ची. दुसरा आलेल्यास टाळ्या. खोऱ्यांतून शेकडो पोरे माती अंगाला लावतात, त्यांतला एक शिखरावर जातो, बाकीच्यांसाठी शिखर आणि पायथा यांच्या मध्ये एकही पायरी बांधलेली नाही. असे असता पंचाचा एक हात वर जाणे म्हणजे कोणाच्या तरी आयुष्याचा निकाल ठरावा, यात नवल कसले?

त्यात गदाच दोन झाल्या. संघटनेत फूट पडली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एक महाराष्ट्र केसरी पुणे जिल्ह्यातील फुलगावला झाला, दुसरा धाराशिवला. २०२५ साली अहिल्यानगरनंतर दोन महिन्यांच्या आतच त्याच जिल्ह्यात कर्जतला पुन्हा स्पर्धा भरली. पुढाऱ्यांना अध्यक्षपदे दोन मिळाली. मल्लांच्या किताबाची किंमत मात्र निम्मी झाली.

खेळाडूच्या मैदानाबाहेरील आयुष्याचा प्रश्न कुस्तीपुरता नाही. पंजाबातील एका शेतकऱ्याचा मुलगा सतनाम सिंग भामरा २०१५ साली अमेरिकेच्या एनबीएत निवडला गेलेला पहिला भारतीय ठरला. पण त्या स्पर्धेतील एकही अधिकृत सामना त्याच्या वाट्याला आला नाही, पुढे उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणी दोन वर्षांची बंदी आली, आणि आज तो अमेरिकेत दूरचित्रवाणीवरच्या मनोरंजनाच्या कुस्त्या खेळतो. त्याच २०१५ साली आपल्याकडे बास्केटबॉलची व्यावसायिक लीग निघाली, तीत ‘पुणे पेशवाज’ नावाचा संघही होता. दोन-तीन वर्षांत तिचा गाशा गुंडाळला गेला. व्यावसायिक हा शब्द लावला म्हणजे व्यवसाय उभा राहतो असे नव्हे.

उलट, हरिश्चंद्र बिराजदारांचे उदाहरण घ्यावे. १९७० च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारा हा मल्ल पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद म्हणून रमला. त्यांच्या हाताखाली काका पवार घडले. पवारांच्या कात्रजच्या संकुलात राहुल आवारे घडला आणि २०१८ साली राष्ट्रकुलचे सुवर्ण घेऊन आला. अर्धशतकाच्या आत तीन पिढ्या! जिंकणाऱ्याला शिकविण्याचे मानधन, राहण्याची जागा आणि प्रतिष्ठा मिळाली तर किती पिके निघतात, ते यावरून दिसावे.

तेव्हा तालुक्याच्या प्रत्येक नावाजलेल्या तालमीत एक वेतनी वस्ताद शासनाने नेमावा, आणि तो निवृत्त मल्लांतूनच नेमावा. पतियाळाच्या राष्ट्रीय संस्थेचा प्रशिक्षण अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी किताबाच्या अंतिम फेऱ्यांत पोहोचलेल्या प्रत्येकास शिष्यवृत्ती मिळावी, विजेत्यासच नव्हे. तालमीतल्या पोरांचा दुखापतीचा विमा जिल्हा परिषदेने उतरवावा. जत्रा कमिट्यांनीही एक गोष्ट मनावर घ्यावी. चैत्र उजाडला की मुळशीत गावोगावी आखाडे भरतात. शेवटच्या जोडीवर लावलेल्या लाखाच्या इनामातून दहावा हिस्सा बाजूला काढून तो नारळ-रेवड्यांच्या कुस्त्या खेळणाऱ्या पोरांच्या वह्या-पुस्तकांसाठी शाळेत भरला, तर मोठ्या कुस्तीची रंगत काही कमी होणार नाही. मुठ्याच्या जत्रेने याचा आरंभ करावा. गदा या वेळी त्यांच्याच घरी आहे.