पूल काढा, बियर ठेवा

थेट मुद्द्यावर येतो. जुन्नर-आंबेगावातल्या रिसॉर्टांवर जाऊन पूलच्या काठी बियर पिणे, या प्रकारात आक्षेप घेण्यासारखी गोष्ट बियर नाहीये. पूल आहे. (पूल म्हणतोय मी, पु.ल. नाही. ते राहू द्यात.)

आपल्याकडे बरोब्बर उलटं चालतं. शनिवारी सकाळी नाशिक रस्त्याला लागलेल्या गाड्यांच्या डिकीत काय आहे यावर घरचे, दारचे, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांना मत असतं. त्या गाड्या जिथे जाऊन थांबतात तिथल्या निळ्या फरशीच्या हौदाबद्दल कुणालाच काही वाटत नाही. उलट हौदाचा फोटो आई कौतुकानं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकते. बाटली मात्र फोटोच्या आधी खुर्चीमागे सरकवलेली असते. म्हणजे लपवायचं काय आणि मिरवायचं काय, इथेच आपली गडबड आहे.

आता जरा आकडेमोड. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांचा दुसरा काही उपयोग झाला नाही तरी चालेल, पण पाठीमागून हिशोब करायची खोड लागली ती लागलीच.

मध्यम आकाराचा एक पूल घ्या. १५ मीटर लांब, ८ मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल. झालं दीड लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे १५ टँकर. हे एकदाच भरायचं असतं, असं मालक सांगतो. बरं, एकदाच. पण मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्यावरून दिवसाला ७ मिलिमीटरच्या आसपास वाफ होऊन जाते. १२० चौरस मीटर गुणिले ७ मिलिमीटर म्हणजे रोज ८४० लिटर. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी धरलंय. म्हणजे कुणीही पाण्यात पाऊल न टाकता तो पूल रोज पंधरा माणसांचं पाणी नुसता हवेत सोडतो. फिल्टर धुवायचं पाणी, उड्या मारून बाहेर सांडलेलं पाणी, रेन डान्सचं पाणी, हे मी अजून धरलेलंच नाही.

आता बियर. मोठ्या कारखान्यात एक लिटर बियरला चार-पाच लिटर पाणी लागतं, छोट्या ब्रुअरीत जास्त. आपण उदार होऊन साडेसात धरू. त्या एका पूलच्या पाण्यात वीस हजार लिटर बियर होते. अर्ध्या लिटरचे चाळीस हजार ग्लास! आमची अख्खी कंपनी, क्लायंटसकट, निवृत्तीपर्यंत पुरली असती. (धान्य पिकवायला लागणारं पाणी धरलं तर आकडा कितीतरी पटींनी वाढतो, कबूल. पण मग तुमच्या पनीर टिक्क्याचाही तसाच हिशोब मांडू, चालेल?)

हा हिशोब कोकणात पावसात बसून मांडला असता तर कुणी हसलं असतं. पण जागा कुठली आहे बघा. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं या दोन तालुक्यांत आहेत. जुन्नरात येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे, आंबेगावात डिंभे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं ते गावच डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं, तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. कालव्यांनी हे पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. कालव्यापाठोपाठ ऊस आला, उसापाठोपाठ बिबट्या आला, आणि धरणांच्या वरच्या अंगाला, भीमाशंकर-नाणेघाटाच्या बाजूच्या आदिवासी वाड्यांना एप्रिल-मे आला की टँकरची वाट बघावी लागते. समोर धरण दिसतंय आणि डोक्यावर हंडा. त्याच खोऱ्यात, धरणाच्या पाण्याकडे तोंड करून, दीड लाख लिटरचा निळा हौद! तलावाकाठी तलाव. याला 'लेक व्ह्यू' म्हणायचं आणि त्याचे जास्तीचे पैसे लावायचे.

मालक मंडळींचं एक उत्तर ठरलेलं आहे, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. पूल नसला तर पोरं पिऊन धरणात उतरतील आणि बुडतील. खरंय. धरणात उतरू नयेच. गाळ असतो, काठ अचानक खचतो, पोहता येणारेही त्यात गेलेत. पण पिऊन पाण्यात उतरायचं नसतं हा नियम पूललाही लागू आहे की राव. रिसॉर्टवाल्याच्या पाटीवर तो लिहिलेलाही असतो. पाटीखालीच बियरची बादली ठेवलेली असते.

बरं, त्या बादलीत काय असतं? इथे माझा दुसरा राग आहे आणि तो पहिल्यापेक्षा जुना आहे.

पूलकाठी जी विकली जाते ती स्ट्राँग. पाच टक्क्यांच्या वर, आठपर्यंत अल्कोहोल. मका, तांदूळ, साखर घालून केलेली आणि शून्याच्या जवळ गार केलेली, म्हणजे जीभ बधिर होते आणि चव लागत नाही. ती लागू नये हाच हेतू. त्यात आपले लोक ती उन्हात, पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासातून पितात. हॉप्स म्हणजे बियरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं. त्यांच्यातल्या कडू द्रव्यांवर ऊन पडलं की काही मिनिटांत गंधकाचं एक उग्र वासाचं संयुग तयार होतं. बियरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या हौसेनं नव्हे, ह्यासाठी. तेव्हा पूलच्या कडेला, भर दुपारी, आरामखुर्चीत आडवं होऊन चांगली बियर पिणं हे जे स्वप्न जाहिरातीतून आपल्याला विकलंय ना, ते बियरच्याच दृष्टीनं साफ चूक आहे. चांगली बियर बाहेर बसून प्यावी, जरूर प्यावी, पण सावलीत.

जर्मनांना हे दोनशे वर्षांपूर्वी कळलं. म्युनिकच्या ब्रुअरींनी बियर गार राहावी म्हणून जमिनीखाली तळघरं खणली, वर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावली, खाली खडी पसरली. लोक तिथेच बसायला लागले. गावातल्या खानावळवाल्यांचा धंदा बसला, त्यांनी तक्रार केली. १८१२ मध्ये राजानं तोडगा काढला: बियर विका, पण पावाखेरीज जेवण विकायचं नाही. मग लोक घरून डबे घेऊन यायला लागले. आजही तिथल्या जुन्या पद्धतीच्या बागांमध्ये स्वतःचा डबा उघडून बसता येतं. पूल नाही, डीजे नाही. झाड, बाक, ग्लास, डबा.

आता हे चित्र उचलून ओतूरजवळ किंवा माणिकडोहच्या काठावर ठेवा. चेस्टनटच्या जागी आंबा किंवा वड. डब्यात मासवडी. (नावाला फसू नका पुण्याबाहेरच्या मंडळींनो, मासा नसतो. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबरं-कांद्याचं सारण, सोबत झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी.) त्या रश्श्यावर गव्हाची बियर काय लागेल! गव्हाच्या बियरला केळ्या-लवंगेचा जो वास येतो तो यीस्टच्या करामतीनं येतो, त्यात ना केळं असतं ना लवंग. तिखटावर तो वास असा काही बसतो की बस्स. लिहितानाच तोंडाला पाणी सुटलं. असो.

"हे फिरंगी फॅड आपल्या गावात कशाला?" असं म्हणणाऱ्यांना नारायणगाव दाखवावं. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुल्यांनी ह्याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावला, फ्रेंच पद्धतीनं फसफसणारी वाइन करायला घेतली. 'ओमर खय्याम' नावानं ती परदेशात विकली गेली. तेव्हा पुण्यात वाइन म्हणजे काय हे सांगावं लागत होतं. पुढे ती कंपनी, शातो इंडाज, २००८ च्या मंदीनंतर कर्जात बुडाली, ते वेगळं दुखणं. पण इथल्या मातीत, इथल्या माणसांच्या हातून जगात विकण्यासारखं पेय होतं, हे सिद्ध झालं ते झालंच. आणि बियरचं म्हणाल तर पुण्यात डुलालीनं २००९ मध्ये कोरिंथियन्स हॉटेलात ताजी बियर करून विकायला सुरुवात केली, त्यानंतर शहरात अशा जागा वाढतच गेल्या. म्हणजे वाइन ऐंशी किलोमीटरवर, बियर घरात, आणि आपण दोन्हींच्या मधोमध पूलमध्ये उभे राहून स्ट्राँग पितोय.

क्राफ्ट बियरचा मुद्दाच मुळी ताजेपणा आणि जागा हा आहे. ती पाश्चराइझ केलेली नसते, डिकीत चार तास तापली की मेली. म्हणून ती नेऊन पिण्यापेक्षा जिथे होते तिथे जाऊन प्यायची. सगळंच स्थानिक असेल असा खोटा दावा मी करणार नाही. सातू राजस्थान-हरयाणातून येईल, हॉप्स बहुतेक परदेशातून. पण पश्चिम पट्ट्यातला भात, नाचणी, जुन्नरचा आंबा, गूळ, हे त्यात घालता येतं, आणि मुख्य म्हणजे काम करणारे हात गावचे असतील. पूलला काय लागतं? एक पंप, एक क्लोरीनचा डबा, टॉवेल देणारा एक पोरगा.

मग होत का नाही? कारण आपल्या सरकारला दारू कळते, पेय कळत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आजही प्यायला परवाना लागतो, पाच रुपयांत एका दिवसाचा मिळतो. २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आलं, वायनरींना उत्पादन शुल्कात सूट मिळाली. छान झालं. पण द्राक्षं आंबवली की शेतीपूरक उद्योग आणि नाचणी आंबवली की दारूचा धंदा, हा कुठला न्याय? मायक्रोब्रुअरीचा विचार शहरातल्या हॉटेल-रेस्टॉरंटांच्या जोडीनंच झाला, शेताच्या जोडीनं नाही. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला तर शेजारच्या पारनेरमधून अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय कागदावर राहिला. २०२५ च्या जूनमध्ये मात्र त्याच राज्यानं 'महाराष्ट्र मेड लिकर' हा धान्यापासूनच्या कडक दारूचा नवा वर्ग काढला, महसुलासाठी. १२-१३ टक्क्यांच्या वाइनवर गदारोळ आणि तिप्पट कडक दारू ही महसुलाची बाब! २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं, त्यातही माणसाला बसायला नीट सावली कुठे, हा प्रश्न अजून तसाच आहे.

आता तो आक्षेप, ज्याला मी खरोखर भितो. महाराष्ट्रात गावातल्या बायकांना मतदान करून दारूचं दुकान बंद पाडता येतं. उभी बाटली, आडवी बाटली. अर्ध्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान गेलं. त्या बायका काही संस्कृतीरक्षणासाठी रांगेत उभ्या राहत नाहीत. नवऱ्याची मजुरी संध्याकाळी दुकानात जिरते म्हणून राहतात. अशा गावात जाऊन "ताई, ही बियर वेगळी, हिला केळ्याचा वास येतो" असं सांगणारा शहरी बाप्या मला व्हायचं नाहीये.

म्हणून माझी मागणी दुकानाची नाहीच. शेतावरच्या ब्रुअरीतून बाटली बाहेर जाणार नाही, बसून प्यायची, अंधार पडायच्या आत बंद, पाच टक्क्यांच्या आत अल्कोहोल, आणि परवानगी ग्रामसभेच्या मतदानानं, बायकांच्या वेगळ्या मतदानासकट. नाही म्हणाल्या तर नाही. पण तोच कागद रिसॉर्टलाही लावा. पूलसाठी ग्रामसभेत मत घ्या, टँकरची वाट बघणाऱ्या वाड्यांसमोर दीड लाख लिटरचा आकडा वाचून दाखवा. आज बियरला दहा परवाने लागतात. पूलबद्दल गावाला कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

गाडी चालवायचं विचाराल तर, मुक्काम करा. तेवढ्यासाठी तरी खोल्या राहू देत रिसॉर्टच्या.

डीजेचं तर बोलायलाच नको. खोडदला ४५ मीटरच्या तीस डिश लावून आपले शास्त्रज्ञ आकाशातून येणारे क्षीण संदेश टिपत बसलेत, आणि त्याच तालुक्यात रात्री अकराला 'झिंगाट'. (रेडिओ लहरींना डीजेचा त्रास होत नाही, माहितेय. कमेंट टाकू नका. गावाला होतो.)

पुढच्या महिन्यात आमच्या टीमचं औटिंग आहे. एचआरचा फॉर्म आलाय: पूल, रेन डान्स, की दोन्ही? खाली 'इतर'ची एक ओळ आहे. मी त्यात लिहिलंय, "मोठं झाड, लांब बाक, मासवडी. बियर मी पुण्याहून बर्फात घालून आणतो, तिथे होत नाही म्हणून." मॅनेजरनं 'पूल नसेल तर मग तिथे करायचं काय?' असं विचारलंय.