वाटाड्याची मजुरी आणि गांवाचा धंदा

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही विद्यार्थ्यांची एक टोळी घेऊन मेळघाटांतील गाविलगड पाहावयास गेलों होतों. बहामनी सुलतान अहमदशहा वली यानें १४२५ च्या सुमारास हा किल्ला बांधविला व १८०३ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं तो लढून घेतला, एवढें पुस्तकी ज्ञान आम्हांजवळ होतें. परंतु झाडींतून कोणत्या पायवाटेनें जावें, कोणता बुरूज ढासळता आहे, पाणी कोठें मिळेल, हें कोणत्याहि पुस्तकांत नव्हतें. तें एका कोरकू तरुणाजवळ होतें. त्यानें अर्धा दिवस आम्हांस हिंडविलें. दुपारीं आम्ही शेलूबाजाराहून नेलेली शिदोरी सोडली, त्यालाहि चार पोळ्या दिल्या. निघतांना मुलांकडून वर्गणी करून थोडे पैसे त्याच्या हातावर ठेविले, आणि आपण मोठें औदार्य केलें अशा समाधानांत परत आलों.

पुढें विचार करितां आम्हांस त्या समाधानाची लाज वाटली. शिक्षकानें शिकविलें तर त्यास वेतन मिळतें. वैद्यानें औषध दिलें तर त्यास मोल मिळतें. मग डोंगराची विद्या सांगणाऱ्यास मात्र बक्षिसी कां? बक्षिसीनें एक दिवस निभतो. ठरलेल्या मोलानें धंदा उभा राहतो.

हा धंदा कसा उभा राहतो, हें पाहावयाचें असेल तर अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत जावें. १६४६ मीटर उंचीचें कळसूबाई शिखर चढावयास लोक बारी गांवीं येतात. हरिश्चंद्रगडास पाचनईहून, रतनगडास रतनवाडीहून व सांदण दरीस साम्रदहून जातात. येथील वस्ती बहुतेक महादेव कोळी समाजाची. पावसाळ्यांतील भात हेंच पूर्वीं मुख्य पीक, व पुढें मजुरीसाठीं गांव सोडणें ठरलेलें. आतां गिरिभ्रमणाची आवड वाढल्यापासून जो प्रथम केवळ वाट दाखवी, त्याच्या ओसरीवर चहाची चूल पेटली. चहामागून पिठलें-भाकरी आली. मग मुक्कामास जागा, मग भाड्यानें द्यावयास तंबू. पुरुषवाडी गांवीं तर पावसाळ्याच्या तोंडाशीं काजवे पाहावयास शहरांतील माणसें येतात व गांवकऱ्यांच्या घरीं जेवतात. पैसा वाटाड्याच्या हातीं येतो खरा, पण भाकरी थापणारी गृहिणी, दूध देणारा शेजारी व तांदूळ विकणारा शेतकरी यांच्याहि घरीं तो जातो.

तथापि यांत एक धोका आहे. शहरांतील व्यापारी आपलाच वाटाड्या, आपलेंच अन्न व आपलेच तंबू घेऊन येऊं लागला, तर गांवाच्या वांट्यास केवळ उष्ट्या पत्रावळी व प्लास्टिकच्या बाटल्या राहतील. शिवाय हा हंगाम पावसाळा व हिवाळा एवढाच. उन्हाळ्यांत कातळ तापला कीं वाट ओस पडते. म्हणून एकट्यादुकट्याच्या हुशारीवर हा धंदा टिकावयाचा नाहीं. त्यास एकी पाहिजे.

या बाबतींत फ्रान्समधील शामोनी गांवाचा दाखला बोधप्रद आहे. १८२० सालीं माँ ब्लाँ शिखराच्या चढणीवर हिमप्रपातांत तीन वाटाडे प्राणांस मुकले. तेव्हां १८२१ मध्यें तेथील वाटाड्यांनीं आपली मंडळी स्थापिली. कामें पाळीपाळीनें वांटावीं, व अपघातांत सांपडलेल्यांच्या कुटुंबांकरितां निधि जमवावा, असे त्यांचे नियम होते. ती मंडळी आजहि चालू आहे. पाळी आणि निधि या दोन साध्या गोष्टी आपल्या गांवांस अशक्य आहेत काय?

कोणी म्हणेल, शेलूबाजारास डोंगर नाहीं, मग ही चर्चा कशाला? परंतु आमच्या गांवाच्या नांवांतच बाजार आहे. गिऱ्हाइकाचा धर्म आम्हांस कोणी शिकवावयास नको. शिवाय समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाल्यापासून प्रवासी आमच्या उंबरठ्यावरून वेगानें निघून जातात. आमच्याच जिल्ह्यांत कारंजा-सोहोळचें काळवीट अभयारण्य आहे. तेथील माळरानाची ओळख करून देणारा तरुण आसपासच्या गांवांतलाच असावा, व प्रवाशानें तेथेंच दोन घास खावे, असें होण्यास अडचण कोणती? जुलै २०२५ मध्यें शिवकालीन बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत गेले. गर्दी वाढणार हें उघड आहे. तिचा लाभ पायथ्यास पोंचेल किंवा नाहीं, हें पुष्कळ अंशीं जाणाऱ्यांच्या वर्तनावर अवलंबून आहे.

पालकांस वाटेल कीं परगांवचें अन्न मुलांस बाधेल, खर्चहि वाढेल. स्वच्छतेची चौकशी आधीं करणें हें शिक्षकांचें कर्तव्यच आहे, आणि तें आम्ही करूं. खर्चाविषयीं म्हणावें, तर एखाद्या दिवसाची सहल कमी करावी, पण वाटाड्याच्या मजुरींत काटकसर करूं नये.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, आमची सूचना अशी आहे. येत्या सहलींत शिदोरी प्रवासापुरतीच घ्यावी. वाटाड्याचें मोल निघण्यापूर्वीं ठरवावें, व तें त्याच्या तोंडून ऐकून ठरवावें. दुपारचें जेवण पायथ्याच्या गांवीं घ्यावें. केरकचरा मात्र आपल्या पिशवींत परत आणावा. आणि परतल्यावर निबंध लिहाल, त्यांत किल्ला कोणी बांधला याबरोबर, तो तुम्हांस कोणी दाखविला, हेंहि लिहिण्यास विसरूं नका.