तर्री लाल म्हणजे रस्सा झणझणीत? मग येसूर कशाला असतो, समजून घ्या

आखाड लागला की जाफराबाद तालुक्यात घरोघरी मटणाचा बेत ठरतो. पण हल्ली रश्शाची परीक्षा जिभेआधी डोळे घेतात. वर लालभडक तर्री तरंगली की रस्सा 'जमला'! हॉटेलातली ही मोजपट्टी घरच्या स्वयंपाकघरात शिरली आणि मराठवाड्याच्या रश्शाचे दोन मूळ आधार मागे पडू लागले: अळणी आणि येसूर.

रंग वेगळा, तिखटपणा वेगळा
मिरचीचा झणका कॅप्सेसिनमुळे येतो, तर लाल रंग कॅप्सँथिनमुळे. हे दोन वेगळे घटक आहेत. म्हणूनच ब्याडगी मिरची गडद लाल असूनही सौम्य लागते. दोन्ही घटक तेलात विरघळतात. त्यामुळे तेल वाढवले की रंग वर येतो, पण मिरची तेवढीच असेल तर तिखटपणा काही वाढत नाही. ताटात वाढते ते फक्त तेल.

रंगाच्या हव्यासाचा फटका देशालाही बसला आहे. २००३ मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या मिरची पुडीत 'सुदान १' हा औद्योगिक रंग सापडला आणि युरोपीय संघाने तपासणी सक्तीची केली. घरी एक सोपी चाचणी करता येते. पेल्यातल्या पाण्यावर चिमूटभर तिखट भुरभुरा. रंगाच्या रेघा लगेच खाली उतरल्या तर कृत्रिम रंगाची शंका घ्या. मात्र सुदानसारखे तेलात विरघळणारे रंग यात सापडत नाहीत, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. शेजारच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार दूरवर ओळखला जातो. मिरचीच्या अशा पट्ट्यात तरी सुकी मिरची निवडून डोळ्यांदेखत कांडून घेणे अवघड नसावे.

येसूर नेमके काय करतो?
बाजरी, गहू, हरभरा डाळ असे धान्य आणि धने, खडा मसाला खमंग भाजून दळले की येसूर तयार होतो. प्रमाण प्रत्येक घराचे वेगळे. धान्यातला स्टार्च गरम पाण्यात फुगतो, रस्सा दाट होतो आणि मसाला तळाशी न बसता प्रत्येक घासात येतो. भाजल्याचा खमंगपणा मिळतो तो वेगळाच. मग चवीसाठी तेलाचा मारा करावा लागत नाही.

तेलाशिवाय झणका येतो का?
येतो. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजेरियाचे 'पेपर सूप' त्याची साक्ष देते. बोकडाचे मटण, मिरची आणि तिथल्या सुगंधी बिया पाण्यात उकळून हे सूप करतात. दिसायला पातळ, पण घोट घेताच घाम फुटतो. तिथे ते बाळंतिणीलाही देतात. आपल्याकडे मिरची पडण्याआधीचे अळणी लेकरांना, आजाऱ्याला आणि बाळंतिणीला देतात. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज व्यापारातून ती भारतात आली आणि पश्चिम आफ्रिकेतही पोहोचली. तिथल्यांनी सूप पातळच ठेवले, आपल्या बायकांनी त्याला धान्याची जोड दिली.

घरी करताना
अर्धा किलो मटण हळद, मीठ, आले-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजवा. आधी अळणी बाजूला काढा. भाजलेला कांदा-खोबऱ्याचे वाटण थोड्या तेलात परता, काळा मसाला आणि तिखट घाला, मग मटण व उरलेले पाणी ओता. दोन चमचे येसूर थंड पाण्यात कालवूनच सोडा. थेट उकळत्या रश्शात टाकला तर गुठळ्या होतात. मंद आचेवर दहा मिनिटे उकळी येऊ द्या.

हॉटेलच्या तर्रीची मजा वेगळी, ती कधीमधी जरूर घ्यावी. पण घरात लेकरे आणि म्हातारी माणसे एकाच पातेल्यातून जेवतात. तिथे मोजपट्टी घरचीच हवी. पापड-कुरडयांसोबत उन्हाळ्यात येसूर करणारे हात थकत चालले आहेत आणि त्यांचे माप 'अंदाजाने' एवढेच आहे. यंदा आजी येसूर भाजायला बसेल, तेव्हा तिची प्रत्येक मूठ वाटीने मोजून घ्या आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवा. पाकिटावर ते प्रमाण छापलेले मिळणार नाही.