ही सुटी दिली कोणीं?

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हां भरूं लागल्या म्हणजे पहिल्या आठवड्यांत सातारा व सांगली या दोन्ही शहरांतील वर्गांत कांहीं बांकें रिकामीं राहतात. गुरुजी हजेरीसाठीं नांव पुकारतात आणि उत्तर शेजारच्या मुलाकडून येतें, 'तो आईबाबांबरोबर केरळास गेला आहे.' आठ दिवसांनीं मूल परत येतें, त्याबरोबर एक चिठ्ठी येते, आणि त्या चिठ्ठींत बहुधा 'ताप' हा शब्द असतो. हा प्रकार आतां इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्यांत विचार करण्यासारखें कांहीं आहे असें म्हणणाराच वेडा ठरावा. तो दोष पत्करून आम्ही आज या विषयावर लिहीत आहों. शाळा चालू असतां मुलांना घरच्या सहलीसाठीं काढून नेणें ही ज्याच्या त्याच्या घरची खासगी बाब आहे, असें जें सध्यां गृहीत धरलें जातें, तें आम्हांस मान्य नाहीं.

आधीं पालकांची बाजू पाहूं. ती अगदींच टाकाऊ नाहीं, आणि आमचे पुष्कळसे वाचक पेढीवर बसणारे असल्यामुळें ती त्यांच्याच तोंडून आम्हीं अनेकदां ऐकिली आहे. शाळेची सुटी आणि व्यापाराचा हंगाम यांचें जणूं हाडवैर आहे. दिवाळींत शाळा बंद, तर कापडवाल्यास व सराफास जेवण्याचीहि फुरसत नाहीं. मे महिन्यांत शाळा बंद, तर लग्नसराई ऐन भरांत. सांगलीच्या मार्केट यार्डांत नवी हळद फेब्रुवारीच्या सुमारास येऊं लागते व तिचे सौदे उन्हाळ्यांत जोरांत असतात. तासगांवकडील बेदाण्याची गडबडहि त्याच दिवसांतली. अशा वेळीं अडत्यानें दुकान कोणाच्या हवालीं करून जावें? शिवाय सुटींत रेल्वेचीं तिकिटें मिळत नाहींत, विमानाचें व हॉटेलाचें भाडें चढतें, आणि सुटी सरतांच तेंच भाडें उतरतें. हिशेबी मनुष्यानें सुटी सरण्याची वाट पाहिली तर त्यांत नवल तें काय? वर्षांतून आठ दिवस बाप गल्ल्यावरून उठून मुलांशीं बोलतो, ही गोष्ट आमच्याहि मतें मुलांच्या हिताचीच आहे.

परंतु तक्रार खरी असणें निराळें आणि तिचा निकाल स्वतःच लावून मोकळें होणें निराळें. हाच वाद इंग्लंडांत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आइल ऑफ वाइट बेटावरील जॉन प्लॅट नांवाच्या गृहस्थांनीं २०१५ च्या एप्रिलांत, मुख्याध्यापकांनीं परवानगी नाकारली असतांहि, आपल्या मुलीला अमेरिकेंत फ्लोरिडा येथें सहलीस नेलें. शाळेचे सात दिवस बुडाले. कौन्सिलनें ६० पौंड दंड मागितला, तो न भरल्यानें १२० झाला, आणि प्रकरण कोर्टांत गेलें. सहलीचे दिवस वजा जातांहि मुलीची हजेरी नव्वद टक्क्यांहून अधिक भरते, तेव्हां ती नियमितपणें शाळेंत जात नाहीं असें कसें म्हणतां, असा प्लॅट यांचा बचाव होता. खालचीं दोन्ही न्यायालयें त्यांच्या बाजूचीं झालीं. परंतु ६ एप्रिल २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं एकमतानें तो निकाल फिरविला. लेडी हेल यांच्या निकालपत्राचें सार असें कीं, १९९६ च्या शिक्षण कायद्यांतील 'नियमित' या शब्दाचा अर्थ 'पुष्कळदां' असा नसून 'शाळेच्या नियमांस धरून' असा आहे. एका मुलाच्या गैरहजेरीनें इतरांच्याहि शिक्षणांत व्यत्यय येतो. आणि नियम पाळणाऱ्या पालकांचा त्यांत उपमर्द होतो. २०२४ पासून तेथें दंडाचा आंकडा वाढून ८० पौंड, व एकवीस दिवसांत न भरल्यास १६०, असा झाला.

आमच्याकडे असा खटला उभाच राहणार नाहीं. २००९ च्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याचें नांव ऐकून पुष्कळांस वाटतें कीं, सक्ती पालकांवर आहे. कलमें उघडून पाहावीं. आठव्या कलमांत 'सक्तीचें' या शब्दाची फोड केली आहे, ती अशी कीं, प्रत्येक मुलाचा प्रवेश, त्याची हजेरी आणि त्याचें प्राथमिक शिक्षण पुरें होणें, हें पाहण्याचें बंधन सरकारवर. पालकासाठीं दहावें कलम आहे. मुलास शाळेंत घालणें हें त्याचें कर्तव्य, एवढेंच त्यांत म्हटलें आहे, आणि तें मोडल्यास शिक्षा कोठेंहि सांगितलेली नाहीं. २००२ च्या शाहायशींव्या घटनादुरुस्तीनें मूलभूत कर्तव्यांत जें एक पोटकलम वाढलें, त्याचीहि गत तीच. नामदार गोखले यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत जें बिल आणिलें त्यांत पालकांस दंडाची तरतूद होती. १९१२ त तें बिल फेटाळलें गेलें. आमच्या शेजारीं कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें तेव्हां तेथेंहि दंड होताच. त्या काळीं मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणणें हेंच मोठें काम होतें, म्हणून दंडाचा धाक योग्य होता. आज दंड ठेवला नाहीं हें बरेंच झालें, असें आमचें मत आहे. श्रीमंत मनुष्य दंडाची रक्कम तिकिटांतच धरून चालतो; इंग्लंडांत कित्येक घरीं असाच हिशेब होतो, कारण सुटीबाहेर गेल्यानें भाड्यांत जें वांचतें त्यापुढें दंड कांहींच नाहीं. पण दंड नाहीं याचा अर्थ परवाना आहे असा काढणें ही कायद्याची नव्हे, सोयीची वकिली झाली.

मग यांत बिघडतें काय? त्याच कायद्याच्या परिशिष्टांत पहिली ते पांचवीसाठीं वर्षाचे किमान दोनशें दिवस आणि सहावी ते आठवीसाठीं दोनशें वीस दिवस शाळा भरली पाहिजे असें आहे. दोनशेंपैकीं आठ दिवस म्हणजे रुपयांत चार पैसे. आपल्या मालांत रुपयामागें चार पैशांची तूट कोणता व्यापारी मुकाट्यानें सोसतो? आणि ही तूट एकट्या त्या मुलाची नव्हे. त्या आठ दिवसांत वर्गांत अपूर्णांकांची बेरीज शिकविली गेली असेल, तर परत आलेल्या मुलासाठीं गुरुजींनीं मागें फिरावें तर बाकीचे खोळंबतात, आणि न फिरावें तर हें मूल पुढें वर्षभर अडखळतें. एकच मूल असेल तर शिक्षक मधल्या सुटींत निभावून नेतो. निरनिराळ्या आठवड्यांत निरनिराळीं पांच-सात मुलें जाऊं लागलीं म्हणजे दिवाळीपासून नाताळापर्यंत तो वर्ग कधीं पुरा भरतच नाहीं.

याहून आम्हांस अधिक टोंचणारी गोष्ट दुसरीच आहे. दसरा-दिवाळीच्या पुढेंमागें, म्हणजे सहलीवाले निघतात त्याच दिवसांत, दुसरींहि मुलें शाळा सोडून प्रवासास निघतात. बीडकडून, आणि आमच्याच सांगली जिल्ह्यांतील जतच्या दुष्काळी भागांतूनहि, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तिच्याबरोबर मुलें आलींच. साखराळें असो कीं रेठरें बुद्रुक असो, हंगामांत फडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे बैलगाडींत निजलेलीं मुलें ज्यानें पाहिलीं नाहींत असा सातारकर वा सांगलीकर विरळा. कोप्यांत धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलेली मुलगी ही कोणत्या तरी गांवच्या हजेरीपुस्तकांत चौथींत असते. एक महिन्याहून अधिक काळ सलग गैरहजर राहिल्यास तिची गणना 'शाळाबाह्य' मुलांत होते. हंगामी वसतिगृहें झालीं, साखरशाळा झाल्या, गांव सोडतांना बरोबर देण्याचीं शिक्षण हमी पत्रकें निघालीं. तरी चार-पांच महिने गेले म्हणजे ती पुन्हां वर्गांत बसेलच याची खात्री कोणी देत नाहीं. तिच्या बापास आम्ही काय सांगतों? 'बाबा रे, एक दिवसहि शाळा बुडवूं नकोस.' आणि हें सांगणारे जे आम्ही सुशिक्षित, त्यांच्या घरचें मूल त्याच आठवड्यांत समुद्रावर वाळूचे किल्ले करीत असतें, व त्यास आम्ही 'अनुभव' म्हणतों. पोटासाठीं बुडालेली शाळा ती गळती, आणि हौसेसाठीं बुडालेली ती बहुश्रुतता! ही दोन मापें एकाच बाजारांत चालूं देणें व्यापाऱ्यांसहि शोभत नाहीं. वजनमापाचा निरीक्षक तरी त्यांस सोडीत नाहीं.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कराड तालुक्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ त ती साताऱ्यास आणिली. त्यांच्या वसतिगृहांतील मुलें हातानें काम करून शिकत. शाळेचा एकेक दिवस ज्या जिल्ह्यांत अशा श्रमानें मिळविला गेला, त्याच जिल्ह्यांत तो इतका स्वस्त व्हावा हें विचित्र आहे.

आतां त्या 'तापा'च्या चिठ्ठीविषयीं. आमचा धंदा वकिलीचा असल्यामुळें खोट्या कागदाचा आम्हांस विशेष तिटकारा आहे, तो वाचकांनीं सोसावा. मुलाला विमानांत बसवून नेणारा बाप परत येतांच त्याला शिकवितो, 'गुरुजींनीं विचारलें तर आजारी होतों म्हणून सांग.' ओळखीचा डॉक्टर दाखला लिहून देतो. मुख्याध्यापकांस सर्व ठाऊक असतें, पण शाळेच्या गॅदरिंगची वर्गणी त्याच बापाकडून यावयाची असते, म्हणून तेहि दाखला फाइलींत लावून गप्प बसतात. म्हणजे बाप, डॉक्टर व मुख्याध्यापक असे तीन प्रतिष्ठित गृहस्थ मिळून एका नऊ वर्षांच्या मुलापुढें खोटा दस्तऐवज तयार करितात, आणि पुढें तोच मुलगा जमाखर्चाच्या वह्या दोन ठेवूं लागला म्हणजे काळ बिघडला असें म्हणतात. सहलीनें बुडालेले अपूर्णांक भरून निघतील. हा धडा मात्र पक्का बसतो. ज्यांस जावयाचेंच आहे त्यांनीं अर्जांत 'सहल' असें स्वच्छ लिहावें, आणि मुख्याध्यापकांनीं त्यावर मंजूर किंवा नामंजूर हा शेरा मारावा. एवढ्यानेंहि निम्मे अर्ज आपोआप थांबतील, अशी आमची अटकळ आहे.

प्रवासानें शहाणपण येतें, हें कोण नाकारतो? पण साताऱ्यापासून पंचवीस किलोमीटरांवर कासचें पठार आहे, २०१२ सालीं जागतिक वारशांत गेलेल्या पश्चिम घाटाच्या यादींत त्याचें नांव आहे. तें फुललें असतां एका रविवारीं जाऊन येतां येतें. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. भोपळ्यापासून सतार कशी होते हें सांगलीच्या किती मुलांनीं सहा मैलांवर जाऊन पाहिलें आहे? यासाठीं शाळेचा एकहि दिवस खर्ची पडत नाहीं.

एका वर्गाचा मात्र आम्ही वेगळा विचार करूं. विटें, खानापूर, आटपाडी या बाजूचे गलाई बांधव सोन्याचांदीच्या गाळणीच्या धंद्यासाठीं हिंदुस्थानभर पसरले आहेत. त्यांचीं मुलें परप्रांतांत, परभाषेच्या शाळांत शिकतात. गांवची जत्रा चैत्रांत आली, तर उत्तरेकडील शाळांची सुटी बहुधा मे महिन्याच्या मध्यास लागते, आणि ज्या शाळांचें वर्ष एप्रिलांत सुरू होतें तेथें तर तो नव्या वर्गाचा पहिलाच पंधरवडा असतो. आजी, कुलदैवत आणि मराठी बोलणें हीं ज्या मुलांना वर्षांतून एकदांच भेटतात, त्यांच्या चार दिवसांस आम्ही सहल म्हणणार नाहीं. अशांना शाळांनीं मोकळ्या मनानें रजा द्यावी, आणि त्यांनीं ती खरें कारण लिहून मागावी.

राहिला मूळ तक्रारीचा प्रश्न, कीं सुटी व हंगाम यांचा मेळ नाहीं. त्यास वाट आहे, पण ती एकेकट्यानें पळून जाण्याची नव्हे. २००९ च्या कायद्याच्या नवव्या कलमानें शैक्षणिक वर्षाचें वेळापत्रक ठरविण्याचें काम स्थानिक संस्थेवर, म्हणजे जिल्हा परिषद व नगरपालिका यांच्यावर, सोंपविलें आहे. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांस प्रवेश मिळवून देणेंहि त्याच कलमांत आहे. प्रत्यक्षांत काय होतें? २०२५ सालीं पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षांचें एकच वेळापत्रक पुण्याहून सबंध राज्यासाठीं निघालें आणि परीक्षा एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत लांबल्या. तिकिटें आधींच काढून बसलेल्या पालकांनीं तेव्हां राज्यभर ओरड केली. ओरड रास्त होती, परंतु ती चुकीच्या दारीं आणि उशिरां झाली. स्थानिक संस्थांनीं आपला अधिकार कधीं वापरलाच नाहीं, तर पुण्याहून हुकूम येणारच.

याहूनहि सोपी एक तरतूद आहे. माध्यमिक शाळांना सुट्यांविषयीं जें परिपत्रक जातें, त्यांत वर्षाच्या एकूण सुट्या ७६ दिवसांहून अधिक नसाव्यात असें सांगून, उन्हाळ्याची वा दिवाळीची दीर्घ सुटी कमी करून ते दिवस गणेशोत्सव किंवा नाताळ अशा प्रसंगीं शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीनें घेण्याची मुभा ठेविलेली आढळते. सांगलीच्या व्यापारी पेठांतील पालकांस असे पांच दिवस नाताळास जोडून हवे असतील, तर त्यांनीं जूनमध्यें पालक-शिक्षक संघाच्या पहिल्याच सभेंत तसा ठराव आणावा, मे महिन्यांतील पांच दिवस सोडण्याची तयारी दाखवावी, आणि शाळेमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. अनुदानित शाळांत तर व्यवस्थापन समितीचे तीनचतुर्थांश सभासद कायद्यानेंच पालक असतात. तेथें ऊसतोडीच्या मुलांच्या पालकांसहि बोलावावें, कारण मे महिन्यांत शाळा पांच दिवस अधिक उघडी राहिली तर फडावरून परतलेल्या मुलांस ते दिवस उपयोगी पडतील. परिपत्रकाची नक्कल शाळेच्या कचेरींत असते. सभेस जाण्यापूर्वीं ती मागून वाचावी.