जिंकणार कोण, की करणार काय?

पालघर लोकसभा मतदारसंघात श्री. राजेंद्र गावित २०१८ च्या पोटनिवडणुकीत भाजपतर्फे आणि २०१९ साली शिवसेनेतर्फे विजयी झाले. त्यापूर्वी ते काँग्रेसमध्ये होते. उमेदवाराची ‘निवडून येण्याची क्षमता’ अमेरिकेत प्राथमिक निवडणुकीत मतदार जोखतात. येथे ती पक्षश्रेष्ठी बंद दाराआड ठरवितात आणि वृत्तपत्रे तिचीच चर्चा करीत बसतात. १९९२-९३ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी हादरलेला जव्हार-मोखाड्याचा मुलूख याच मतदारसंघात मोडतो. तेथील कुपोषण व पाणीटंचाई यांवर उमेदवाराची योजना काय, हे मग विचारावयाचे कोणी? कोण जिंकणार, हे भाकीत ज्योतिष्याने करावे. कोणास व का निवडावे, याची चिकित्सा हाच वृत्तपत्रांचा धर्म होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.