वीणा पुढच्याच्या गळ्यात

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या वाचनालयाचा शिपाई दारात सायकल लावून आत आला. पिशवीतून त्याने इतिवृत्ताची लांबट वही काढली, खुणेची पट्टी घातलेलं पान उघडलं आणि म्हणाला, “काका, इथं सही.” पानावर वार्षिक सर्वसाधारण सभेचा वृत्तान्त होता. गणपूर्ती नसल्याने सभा अर्धा तास तहकूब झाली. तहकूब सभा त्याच ठिकाणी पुन्हा भरली. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम झालं, जमाखर्चाला मंजुरी मिळाली, ऐनवेळचा विषय नव्हता, आभार मानून सभा संपली. खाली सोळा नावं होती आणि त्यात नववं माझं होतं. सभेच्या दिवशी मी पुण्यात होतो. सभेची नोटीस मला आलेलीच नव्हती. “कोण कोण आलं होतं रे?” मी विचारलं. तो वहीकडेच बघत म्हणाला, “मी होतो. कुलूप मीच उघडलं आणि मीच लावलं.”

मी सही केली. नाही म्हणायचं धाडस झालं नाही, हे खरं. ती सही मनातून जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

वाचनालयाचं नाव मी लिहीत नाही, कारण हा दोष एका संस्थेचा नाही. वर्गणीतून आणि मानद कामातून उभी राहिलेली व्यायामशाळा असो, ज्येष्ठ नागरिक संघ असो की माजी विद्यार्थी मंडळ, तिथल्या कुणालाही ही वही ओळखीची वाटेल. कित्येक पिढ्यांनी आमच्या श्रीरामपूरला उतरताना स्टेशनच्या पाटीवर बेलापूर हे नाव वाचलं आहे. पाटीवर एक नाव आणि पायाखाली दुसरं गाव, याची आपल्याला सवय आहे. स्टेशनच्या बाबतीत ते चालून जातं, कारण गाडी तरी वेळेवर येते. संस्थेच्या पाटीवर ‘कार्यकारिणी’ असावी आणि आत कार्यही नसावं, कारणीही नसावी, हे चालून जाऊ नये.

माझं म्हणणं सरळ आहे. स्वयंसेवी संस्था सभासदांच्या अनास्थेमुळे बंद पडतात असं आपण म्हणतो, पण अनास्था शेवटी येते. आधी पदावरची माणसं काम थांबवतात आणि पद मात्र सोडत नाहीत. रिकामी खुर्ची निदान दिसते, तिच्यावर कुणी तरी बसतं. अडवलेली खुर्ची भरलेली दिसते, म्हणून तिकडे कुणी फिरकत नाही. या म्हणण्याला चार आक्षेप मी नेहमी ऐकतो. त्यांना एकेक करून उत्तर देतो.

पहिला आक्षेप असा, की लोकांना आता वेळ नाही, तरुण मोबाइलमध्ये बुडाले आहेत, फुकट काम करायची वृत्तीच संपली. हे मी निदान श्रीरामपुरात बसून तरी मान्य करू शकत नाही. श्रीरामपूर आणि वैजापूर तालुक्यांच्या शिवेवर गोदावरीच्या पात्रात सराला बेट आहे. तिथल्या गंगागिरी महाराजांचा अखंड हरिनाम सप्ताह दर श्रावणात वेगळ्या गावी भरतो आणि या परंपरेला पावणेदोनशेहून अधिक वर्षं झाली आहेत. आसपासच्या गावांतल्या घराघरांतून भाकरी थापल्या जातात, ट्रॅक्टर-टेंपोत भरून सप्ताहाच्या ठिकाणी येतात. आमटी तिथंच मोठाल्या कढयांत शिजते. माणसांच्या पंगतीच्या पंगती उठतात. बादल्या घेऊन त्या पंगतींतून धावणारी पोरं विशी-बाविशीची असतात आणि त्यांच्याही खिशात मोबाइल असतो. वेळ संपला असता तर या भाकरी आल्या कुठून?

यावर कुणी म्हणेल, ती श्रद्धेची गोष्ट आहे, वाचनालयाला देव कुठून आणणार? मग पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा आठवा. २०१६ साली ती तीन तालुक्यांत सुरू झाली आणि २०१८ साली पंचाहत्तर तालुक्यांत पोचली. भर उन्हाळ्यात पंचेचाळीस दिवस गावं श्रमदान करत होती. तिथं पुण्य जोडायचं नव्हतं, चर खोदायचे होते. सप्ताह आणि वॉटर कप यांत चार गोष्टी सारख्या आहेत. निरोप घरापर्यंत येतो. काम नेमकं सांगितलेलं असतं. ते कधी संपणार हे आधी ठरलेलं असतं. आणि केलेलं काम डोळ्यांना दिसतं. आमच्या वाचनालयाने गेल्या पाच वर्षांत मला यांपैकी एकही गोष्ट दिलेली नाही. वर्गणीची पावती तेवढी दिली.

माणसं कशी गळत जातात हे मी जवळून पाहिलं आहे. पुस्तक निवड समिती कागदावर आहे, पण तिची बैठक होत नाही. मग खरेदी मार्चअखेरीला ढकलली जाते आणि घाईत विक्रेता देईल ते गठ्ठे घेतले जातात. वाचकाने मागितलेलं पुस्तक त्यात नसतं. पूर्वी दिवाळी अंकांची योजना होती. ठरावीक वर्गणीत दोन-तीन महिने अंक पाळीपाळीने घरी नेता यायचे आणि त्या काळात वाचनालयाच्या पायऱ्यांवर चपलांची गर्दी असायची. अंक निवडायला आणि जमवायला कुणी पुढाकार घेतला नाही, म्हणून एक वर्ष योजना राहिली आणि मग राहूनच गेली. परवा एक कादंबरी घेतली. मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा तारखेचा शेवटचा शिक्का चार वर्षांपूर्वीचा होता. याच गावातून सुमती लांडे यांच्या शब्दालय प्रकाशनाची पुस्तकं महाराष्ट्रभर जातात. वाचणारी माणसं या गावात नाहीत, असं कुणी म्हणू नये.

दुसरा आक्षेप असा: पदाधिकारी मानद काम करतात, पदरमोड करतात, त्यांना जाब कसा विचारायचा? मानद म्हणजे बिनपगारी. मानद म्हणजे बेजबाबदार, असा अर्थ मराठीत कधीच नव्हता. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली स्थापन झाली. तिथं सभासद व्हायचं तर निदान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पिढीने हा नियम स्वतःला लावून घेतला होता. कुणालाही पगार नव्हता, पण प्रत्येकाच्या मागे पन्नास माणसं उभी होती आणि त्यांना विचारायचा हक्क होता. दीडशे वर्षांपूर्वी सभासद आधी सह्या गोळा करून सभेत यायचा. आज सभा होऊन जाते आणि मग सह्या गोळा होतात.

शिवाय या संस्थांचा पैसा केवळ पदाधिकाऱ्यांच्या खिशातला नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गानुसार सरकारी अनुदान मिळतं. २०१२ साली सरकारने महसूल खात्याकडून या ग्रंथालयांची प्रत्यक्ष पडताळणी करून घेतली, तेव्हा कागदावरच चालणारी वाचनालयंही उघडी पडली. पुढे २०२२ साली अनुदानात साठ टक्के वाढ जाहीर झाली. ती हवीच होती, कारण तुटपुंज्या पगारावर रोज दार उघडणारा ग्रंथपाल आणि शिपाई हेच अशा संस्थेचा खरा भार वाहतात. पण अनुदान वाढलं म्हणून समितीची बैठक भरत नाही. तिथं माणसंच लागतात. कायदाही मानद पदाला सूट देत नाही. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्यानुसार विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला बदल अहवाल द्यावा लागतो आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या विश्वस्ताला दूर करण्याची तरतूदही त्यात आहे.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे आणि म्हणून तो सर्वांत जड आहे. ज्यांनी संस्था उभी केली, दारोदार फिरून पुस्तकं जमवली, त्यांना आता उठा कसं म्हणायचं? त्यांच्याविषयीचा आदर माझ्याही मनात आहे. पण आदर ठेवणं आणि सूत्रं त्यांच्याच हाती ठेवणं या दोन गोष्टी आहेत, हे याच भागातल्या थोरांनी दाखवलं आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा करण्यासाठी विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरले, शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं. पण कारखान्याच्या पहिल्या अध्यक्षपदी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ बसले. ज्याने रान पेटवलं, त्यानेच पहिल्या खुर्चीवर बसलं पाहिजे असं विठ्ठलरावांना वाटलं नाही. म्हणून त्यांचं नाव लहान झालं का?

डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा दाखला आणखी जुना आहे. संस्था १८८४ ची. तिच्या आजीव सभासदांनी अल्प वेतनावर वीस वर्षं सेवेची प्रतिज्ञा घ्यायची, असा दंडक होता. ‘आजीव’ या शब्दालाही वर्षांचं माप होतं. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ साली तिथून निवृत्त झाले, तेव्हा त्यांचं वय चाळीसही नव्हतं, आणि पुढे देशाच्या कामाला लागले. ज्याला सेवेची मुदत ठाऊक असते, तो त्या मुदतीत जीव ओतून काम करतो. ज्याला मुदत नाही, तो आज नाही तर उद्या करू म्हणत राहतो आणि उद्या येत नाही.

चौथा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. खुली निवडणूक घेतली की राजकारण शिरतं, दोन गट होतात, दोन्ही गट धर्मादाय कार्यालयात आपापले बदल अहवाल टाकतात आणि संस्था तारखांत अडकते. आपल्या जिल्ह्यात ही भीती काल्पनिक नाही. पण सार्वजनिक सभेतही मतभेद विकोपाला गेले होते. सभा टिळकांच्या बाजूच्या हाती गेल्यावर न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांनी १८९६ साली डेक्कन सभा काढली. एका भांडणातून पुण्यात दोन संस्था काम करू लागल्या. भांडण्याइतकी माणसं जिथं असतात, तिथं काम करण्याइतकीही असतात. आणि निवडणूक टाळून राजकारण टळतं, हाही भ्रम आहे. नोटीस न देणं, तहकूब सभेत चार जणांनी ठराव करणं, वही घरोघरी फिरवणं, हेही राजकारणच आहे. त्याला फक्त आवाज नाही.

आता मला काय हवं आहे ते सांगतो. एका माणसाने एका पदावर सलग दोन कार्यकाळांहून अधिक राहू नये. सलग तीन बैठकांना न कळवता गैरहजर राहिल्यास पद आपोआप रिकामं व्हावं. अनेक संस्थांच्या घटनेत असं कलम असतं, ते फक्त वाचून दाखवायचं धैर्य हवं. कामाचे लहान तुकडे करावेत आणि प्रत्येकाला शेवटची तारीख लावावी. दिवाळी अंकांची निवड एका बाईंनी करावी, शनिवारची संध्याकाळ कॉलेजच्या दोन मुलांनी सांभाळावी, पुस्तकांच्या मागणीची वही एका निवृत्त शिक्षकाने महिनाभर ठेवावी. महिना संपला की काम दुसऱ्याकडे जावं. वार्षिक सभेत प्रत्येक पदाधिकाऱ्याने उभं राहून आपण वर्षभरात काय केलं आणि काय राहिलं ते सांगावं, आणि ते वाचनालयाच्या फळ्यावर लिहावं. मावळत्या माणसाने नव्याबरोबर दोन महिने बसावं. कपाटाच्या किल्ल्या, बँकेतल्या सह्या, अनुदानाच्या फायली, कुठल्या कचेरीत कोणता कागद लागतो, हे सगळं हाताला धरून द्यावं. आणि सभेत पहिल्या रांगेत त्याची मानाची जागा कायम असावी.

यातलं काहीच नवं नाही. सप्ताहात ते रोज घडतं. अखंड नामाला पहारे लावलेले असतात. ज्याचा पहारा, तो वीणा गळ्यात घालून उभा राहतो. वीणा जमिनीवर ठेवायची नसते आणि आपला पहारा संपल्यावर ती अडवूनही ठेवायची नसते. पुढचा माणूस समोर येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि नाम खंडत नाही. मागच्याचा मान कमी होत नाही, त्याच्या हाती टाळ येतात. पहाटे तीनच्या पहाऱ्यालाही माणूस उभा असतो, कारण चार वाजता कुणी तरी येणार, याची त्याला खात्री असते. आपल्या संस्थांत हीच खात्री उरलेली नाही. धरून बसलेल्याला वाटतं, आपण सोडलं तर सगळं पडेल. बाहेरच्याला वाटतं, एकदा हातात घेतलं की आयुष्यभर सुटका नाही. दोघंही आपापल्या जागी खिळून राहतात.

सभासदांची चूक मी झाकत नाही, त्यांत मीही आहे. नोटीस नाही म्हणून गेलो नाही, हे सांगणं सोपं आहे. नोटीस का नाही, हे विचारायला मी तरी कधी गेलो होतो? म्हणून पुढच्या वर्षी शिपाई सायकल लावून आत आला की मी सही करणार नाही. त्याला बसवीन, चहा देईन आणि अध्यक्षांच्या नावाने चिठ्ठी लिहून देईन: सभा पुन्हा बोलवा, सात दिवस आधी नोटीस लावा, मी दहा माणसं घेऊन येतो, आणि कुलूप उघडायला, सतरंजी अंथरायला अर्धा तास आधी येतो. त्यानंतर जे काम माझ्या वाट्याला येईल, ते एक वर्षासाठी घेईन. वर्ष संपण्याच्या आत पुढचा माणूस शोधीन.