बुडालेल्या न्यूयॉर्कमधील दोन पोरे

समुद्र पन्नास फूट चढला आहे, मॅनहॅटनचा खालचा भाग पाण्यात उभा आहे आणि रस्त्यांचे कालवे झाले आहेत. किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांच्या ‘न्यूयॉर्क २१४०’ (२०१७) या कादंबरीची ही पार्श्वभूमी. परंतु तिचा खरा विषय पाणी नव्हे, मालकी हा आहे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खचत्या इमारतींवरही तेथे सट्टा चालतो. उंचावरच्या भागातील गगनचुंबी मनोरे मात्र केवळ गुंतवणूक म्हणून रिकामे पडलेले असतात. वादळानंतर बेघर झालेला जमाव त्या मनोऱ्यांच्या दाराशी जातो, तेव्हा खाजगी पहारेकरी त्याची वाट अडवितात. निसर्ग श्रीमंत-गरीब असा भेद करीत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

या शहरात स्टीफन आणि रॉबर्टो ही दोन पोरकी मुले एका लहानशा रबरी होडीतून हिंडतात. त्यांना घर नाही, त्यांच्याजवळ कागदपत्रे नाहीत; सरकारदप्तरी ती जणू जन्मलेलीच नाहीत. १७८० साली ईस्ट नदीत बुडालेल्या ‘हुसार’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील सोन्याचा त्यांना ध्यास लागला आहे. घंटेच्या आकाराच्या टोपाखाली पाण्यात उतरलेला रॉबर्टो मरता मरता वाचतो. साहसकथा म्हणून हे रंगते खरे. पण ज्यांना छप्पर नाही, त्यांना बुडालेल्या सोन्यावाचून दुसरी आशा तरी कोणती?

अखेरीस भाडेकरू व कर्जदार आपले हप्ते थांबवितात, बँका कोसळतात, आणि २००८ प्रमाणे त्यांना जनतेच्या पैशाने नुसते वाचविण्याऐवजी सरकार त्यांचे राष्ट्रीयीकरण करते. (ज्या देशात १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यानंतरही गरिबाला कर्जासाठी खेटे घालावे लागले, तेथील वाचकाला या स्वप्नाचे थोडे हसू येईल.)

गोम वेगळीच आहे. भाडे थांबविण्यासाठी आधी भाड्याचे घर असावे लागते. स्टीफन-रॉबर्टोजवळ थांबविण्यासारखे काहीच नाही. म्हणून लेखकाने त्यांना सोने मिळवून दिले आणि सहकारी इमारतीतील सहृदय माणसांच्या पदरात टाकले. शार्लट आर्मस्ट्राँग या नायिकेची संस्था कागदपत्रे नसलेल्यांना मदत करते, हे नाकारता येणार नाही. तथापि मदत घेणारा आणि लढ्यात उभा राहणारा यांत जे अंतर आहे, ते ही कादंबरी ओलांडीत नाही. मनोऱ्यांच्या दाराशी गेलेल्या त्या जमावात अशी कितीतरी पोरे असणार. त्यांचे पुढे काय झाले, हे वाचकाला कळत नाही.